जोडसमई आणि चांदीचं बोंडलं

साहेब, तो मांडव तुमच्या सहीमुळे उभा राहिला.

नानाखेड्याच्या बसस्टँडमागचं ते मैदान. तिथे एखाद्या म्हातारीने मेथीच्या चार जुड्या मांडल्या तर तुमचा माणूस दंडुका आपटत येतो. तेच मैदान एका बाबाला सव्वा महिन्यासाठी मिळालं. लाईट मिळाली, पाण्याचे टँकर मिळाले. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, बूट काढलेत, डोक्याला रुमाल बांधलात आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलंत. फोटो सगळ्या शहराने पाहिला. एवढा मोठा साहेब वाकतो म्हटल्यावर मागची हजार डोकी का नाही वाकणार? म्हणून मी आधी तुम्हाला धरते. बाबाचा नंबर नंतर.

त्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं युगलानंद महाराज. जुळ्या मुलांचा खास बाबा. ज्यांच्या घरी जुळी जन्मली, त्यांच्या घरातला दोष तो शोधून द्यायचा. धंदा अगदी पक्का निवडला होता त्याने. जुळ्यांच्या घरी काळजी शोधायला जावं लागत नाही. दोघांतलं एक जरा बारीक असतंच, एक जरा जास्त रडतंच, आणि आईला झोप नसतेच.

मी पहिल्यांदा गेले तो गुरुवार होता, दुपारी चारची वेळ. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. देवासच्या बाया, शाजापूरचे बापे, इंदूरहून गाडी करून आलेली शिकली-सवरलेली जोडपी, आणि प्रत्येकाच्या मांडीवर दोन दोन गाठोडी. समोर लाल कापड घातलेला चौरंग, त्यावर पितळेची एक समई. मधे एकच दांडा, दोन बाजूंना दोन लांब हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक उथळ वाटी. दोन्ही वाट्यांत तेल सारखं, वाती सारख्या.

"माता के गर्भ में जीव दो, थाली एक!" महाराज माईकवर घुमत होते. "किसने खाया, कौन भूखा रहा? डॉक्टर की मशीन बताएगी? नहीं बताएगी! दीपक बताएगा!"

"दीपक बताएगा!" मांडव ओरडला.

एक वाटी एका मुलाच्या नावाची, दुसरी दुसऱ्याच्या. आईने वाती लावायच्या. मग आरती, टाळ्या, भजन. वीसेक मिनिटांनी बघावं तर एका वाटीतलं तेल खाली गेलेलं आणि दुसरीतलं काठापर्यंत चढलेलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कोणी वाटीला बोटही लावलं नव्हतं.

त्या दिवशी वाती लावणारी आई होती निहारिका, माझी भाची. माझी बहीण गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच, सुलूमावशी. तिला अडीच महिन्यांपूर्वी जुळं झालं. मुलगा राजस, मुलगी मृण्मयी. राजस बारीक, पायाच्या काड्या झालेल्या. मृण्मयी गुटगुटीत. आणि समईत राजसची वाटी रिकामी होत गेली, मृण्मयीची भरत गेली.

महाराजांनी डोळे मिटले. "भक्षिणी है. यह कन्या भाई का अंश पी रही है."

निहारिकाची सासू, अलकाताई, माझ्या शेजारी बसली होती. तिने तोंडात पदर कोंबला.

"उपाय है, माताजी. कन्यार्पण. सोमवार को कन्या आश्रम को दे दो. वहाँ देवी बनकर पलेगी. घर में रही, तो छह महीने के भीतर बालक..."

पुढे तो बोललाच नाही. वाक्य कुठे तोडायचं हे या लोकांना बरोबर कळतं. उरलेलं वाक्य प्रत्येक आजी आपल्या मनात पुरं करते, आणि तिने केलेलं वाक्य बाबाच्या वाक्यापेक्षा भयंकर असतं.

म्हणजे हातात शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारी दुपारी माझ्या भाचीची अडीच महिन्यांची मुलगी एका परक्या माणसाच्या ओटीत जाणार होती.

शुक्रवारी सकाळी दुकान नोकरावर टाकून मी त्यांच्या घरी गेले. अलकाताई सहाणेजवळ बसून राजसला काहीतरी पाजत होती. हातात चांदीचं बोंडलं. जुन्या घरांतून असायचं ते, चोचीची छोटी वाटी, तान्ह्याला गुटी पाजायची.

"काय पाजताय?"

"तीर्थ. महाराजांनी दिलंय. दूध पाजायच्या आधी दर वेळेला एक बोंडलंभर. तीन आठवडे झाले, एकदा चुकवलं नाही मी."

"आणि मृण्मयीला?"

"दुसरीला?" ती पोरीचं नाव घेतच नसे. "सुलूताई, बोंडलं एकच आहे आमच्याकडे. आमच्या पूर्वजांना दरबारातून मिळालेलं. सुमीतच्या आजोबांना यानेच पाजलं, सुमीतला यानेच पाजलं. ते घरच्या मुलग्याचं असतं."

मी बोट बुडवून चाटलं. गोडमिट्ट. मध आणि साखरेचं पाणी.

राजसने ते चाटून पुसून पिलं आणि डोळे मिटले. निहारिकाने त्याला पदराखाली घेतलं. दोनदा चोखलं न चोखलं, लागली झोप. मग तिने मृण्मयीला घेतलं. ती पोरगी अशी तुटून पडली की बघत बसावं. एक बाजू संपली, दुसरीही संपवली.

"बघा! बघा कशी ओढते!" अलकाताईने कपाळाला हात लावला. "त्याच्या वाटचंही पिते. महाराज खोटं बोलतात का?"

"अहो, त्याचं पोट तुम्हीच भरलंत ना साखरपाण्याने! तो पिणार कुठे? आणि उरलेलं ही नाही पिणार तर कोण, शेजारी?"

"तुम्हाला देवाधर्माचं कळत नाही."

"भुकेचं कळतं."

खाली राहणाऱ्या प्रतिभा सिस्टरना मी वर बोलावलं. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, रिटायर झाली तरी कॉलनीतली सगळी पोरं तीच तोलते. तिने काटा मांडला, दोघांना उघडं करून तोललं आणि लसीचं कार्ड मागितलं. आधीचे आकडे तिने आजच्या आकड्यांशी ताडून बघितले.

"हे तीर्थ कधीपासून?"

"तीन आठवडे," सुमीत म्हणाला. सुमीत म्हणजे निहारिकाचा नवरा, बँकेत आहे.

"आधी दर आठवड्याला वजन वाढत होतं. हळू, पण वाढत होतं. गेल्या तीन आठवड्यांत एक ग्रॅम नाही. अलकाताई, लेकराला तुम्ही प्रेमाने उपाशी ठेवलंत. वरून मध. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो, त्याने जिवावर बेततं."

"पण ती पोटातच त्याचं खात होती! महाराज म्हणाले!"

प्रतिभा सिस्टरने डिस्चार्जचा कागद काढायला लावला. "वाच रे सुमीत. पोटात बाळाला पोसते ती वार. अशा वारा किती होत्या?"

"दोन. वेगवेगळ्या."

"झालं. मुलगा आणि मुलगी म्हणजे बीजं दोन, वारा दोन. आईच्या रक्तातून जे येतं ते ज्याच्या त्याच्या वारेतून ज्याला त्याला. एकाच वारेवरची जुळी असतात, तिथे रक्त इकडचं तिकडे जाऊ शकतं. तो खरा आजार आहे, डॉक्टर सोनोग्राफीत बघतात, त्यावर इलाज करतात. पण ती जुळी एका तोंडाची असतात, दोन मुलगे नाहीतर दोन मुली. ह्या दोघांची ताटं पहिल्यापासून वेगळी. हिने त्याचं खाल्लं म्हणणं म्हणजे पार तिकडे फ्रीगंजात जेवलेल्या माणसाने नानाखेड्यातलं ताट उष्टं केलं म्हणण्यासारखं आहे."

निहारिका उठली. तिने सासूच्या हातातून बोंडलं घेतलं, तीर्थाची बाटली मोरीत ओतली.

"अगं!"

"सोमवारपर्यंत हे माझ्याकडे. आणि राजस आधी पिणार, मृण्मयी नंतर."

"आई, तीन दिवसांचा प्रश्न आहे," सुमीत पुटपुटला. अलकाताई खोलीत जाऊन कडी लावून बसली.

सोमवारी सकाळी सिस्टरने पुन्हा काटा मांडला. राजस एकशे साठ ग्रॅमनी वाढला होता. निहारिका हसली आणि लगेच रडली. मला वाटलं, जिंकलो.

अलकाताईने हात जोडले. "बघितलंत? नुसतं द्यायचं कबूल केलं, तर पोराने बाळसं धरलं! आता शब्द मोडला तर?"

साहेब, त्या क्षणी मी हरले. माणसाला एकदा भीती घातली की तो पुरावासुद्धा भीतीच्याच पदरात टाकतो. वजन वाढलं तर बाबामुळे, घटलं तर पोरीमुळे. सुमीतकडे बघितलं तर तो नजर चुकवत होता.

"मावशी, मला सगळं पटतंय. पण ते तेल? ते मी बघितलंय. रिस्क कोण घेणार?"

"मी घेते," म्हटलं. "चला मांडवात."

माझं नळाच्या सामानाचं दुकान आहे फ्रीगंजमध्ये. शाळा आठवीत सुटली. नंतर जे वाचलं ते गिऱ्हाईक नसताना, पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून. पण पाइपातून काय कसं जातं हे मला कोणी शिकवायला नको. गुरुवारपासून एकच गोष्ट डोक्यात ठोकत होती. एका वाटीतलं तेल जेवढं उतरलं, तेवढंच दुसरीतलं चढलं. आमचे मिस्त्री भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरतात आणि दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरतात. एक टोक वर उचललं की पाणी दुसरीकडे पळतं. कारण नळी आतून एकच असते.

सोमवारी मांडव गुरुवारच्या दुप्पट भरला होता. कन्यार्पण बघायला लोक आले होते. मृण्मयीला लाल कुंची घातली होती, कपाळावर मळवट. निहारिकाने तिला असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी पुढे, चौरंगाच्या अगदी जवळ बसले आणि या वेळेला समईकडे बघितलंच नाही. पाय बघितले. आरती फिरवणारा शिष्य राजसच्या वाटीच्या बाजूला आला, थांबला, आणि लाल कापडाच्या झालरीखाली त्याने पायाच्या अंगठ्याने दोनदा काहीतरी सारलं. पुढे गेला.

वीस मिनिटं. राजसचं तेल उतरलं, मृण्मयीचं चढलं. गुरुवारसारखंच.

"फिर वही निर्णय!" महाराज उभे राहिले. "लाओ कन्या को!"

मीही उभी राहिले. "महाराज, एक शंका."

"शंका विनाश का द्वार है, माता."

"असू दे. समई फिरवा. मुलाची वाटी तिकडे, मुलीची इकडे. बघू तेल काय म्हणतं."

"दीपक स्थापित है. हिलेगा नहीं."

"दीपक हिलत नाही, मग तेल कसं हललं?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. शिष्य माझ्याकडे निघाला. मी त्याच्या आधी चौरंगाशी पोचले, राजसच्या वाटीतली वात चिमटीत उचलून विझवली. वातीच्या बुडाखाली, तेलाच्या तळाशी, एक बारीक भोक होतं. पिशवीतून रबराची नळी काढली, टोक भोकावर दाबून धरलं आणि फुंकलं.

पलीकडे, मृण्मयीच्या वाटीत, बुडबुडे आले. बुळुक, बुळुक.

पहिल्या रांगेतली एक माळवी म्हातारी गुडघ्यांवर उठून बसली. "फेर से करजो बई!"

मी फेर से केलं. बुळुक, बुळुक. म्हातारी खो खो हसायला लागली. "अरे यो तो हुक्को है!"

"जादू-टोना! यह स्त्री नास्तिक है!" महाराजांचा आवाज चिरकला. "भजन शुरू करो!"

"भजन बाद में!" इंदूरच्या एका बाईने दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन ओरडून सांगितलं. "पहले दिखाओ!"

मी झालर वर केली. चौरंगाच्या राजसच्या बाजूच्या दोन्ही पायांखाली लाकडाच्या पाचरी सारलेल्या होत्या, अंगठ्याएवढ्या. चौरंग एका बाजूने बोटभर उचललेला. समईचे हात आतून पोकळ, दोन्ही वाट्या आतून जोडलेल्या. भोक बारीक आणि तेल दाट, म्हणून ते सावकाश सरकतं. आणि सावकाश सरकतं म्हणून दैवी वाटतं. पाणी असतं तर भुर्रकन गेलं असतं आणि पोरंसुद्धा हसली असती.

पाचर काढायला मी वाकणार, एवढ्यात सुमीत पुढे आला. बँकेतला, रिस्क न घेणारा सुमीत. तो मांडी घालून खाली बसला, राजसच्या बाजूच्या दोन्ही पाचरी ओढून काढल्या आणि दुसऱ्या बाजूच्या पायांखाली सारल्या.

मग आम्ही वाट बघितली. सगळा मांडव वाट बघत होता. महाराजांनी भजनाची टेप लावायला सांगितली, तर लोकांनीच माईकची वायर काढली. पाच मिनिटं. दहा. वीस. मृण्मयीच्या वाटीतलं तेल कडेवर ओलसर रेघ सोडत खाली चाललं होतं. राजसची वाटी भरत होती. भरली. काठाला टेकली.

"बोला महाराज," मी म्हटलं. "आता राजस बहिणीला खातोय. राजसला देऊ का आश्रमात? न्या. देवी नाही, देव होईल."

"नाही!" अलकाताई किंचाळली. तिने राजसला दोन्ही हातांनी छातीशी कवटाळलं. "माझा राजस नाही देणार मी!"

निहारिका सासूपुढे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"मग माझी मृण्मयी का देत होतात, आई?"

अलकाताईने समईकडे बघितलं, मग खाली. तिने हात पुढे केला, पोरीच्या कपाळावरचा मळवट आपल्या पदराने पुसला, आणि पहिल्यांदा म्हणाली, "मृण्मयी."

महाराज मागच्या पडद्यातून गेले. जाताना "देवी का प्रकोप होगा" म्हणाले म्हणे. माळवी म्हातारी तेव्हा नळी हातात घेऊन स्वतः फुंकून बघत होती. तिच्यामागे रांग लागली होती.

वाचणाऱ्यांनो, एवढीच विनंती आहे. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी हात लावून बघा. भोक शोधा, नळी शोधा, झालरीखाली वाका. जो हात लावू देत नाही, त्याच्याकडे झाकायला काहीतरी आहे. पोर बारीक झालं तर काट्यावर ठेवा, डॉक्टरला दाखवा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय त्याला काही देऊ नका, मग ते चांदीच्या बोंडल्यातून येवो की सोन्याच्या. जुळी म्हणजे एकमेकांची चोर नव्हेत. एकाच दिवशी भूक घेऊन जन्मलेली दोन माणसं आहेत ती.

इथे गोष्ट संपवली असती. पण साहेब, तुमचं काम अजून बाकी आहे.

बुधवारी सकाळी मैदान रिकामं झालं होतं. बांबूची भोकं तेवढी उरली. त्याच दुपारी दुकानात एक बाई आली, पूजा नाव. कडेवर एक मुलगा. ती लोंबणाऱ्या नळ्यांकडे बघत उभी राहिली. मी विचारलं, काय देऊ. ती म्हणाली, "आंटी, सोमवार को मैं पीछे बैठी थी. आपने फूँका, मैंने देखा." मग म्हणाली, "मेरी वाली तो मैं दे चुकी."

अकरा दिवसांपूर्वी, त्याच चौरंगासमोर. तिच्याकडे बदल्यात मिळालेला एक नारळ आहे आणि एक फोन नंबर आहे, तो लागत नाही. ठाण्यात तिला सांगितलं, तुम्हीच दिलीत ना, मग आता काय? तुमच्या ऑफिसात सांगितलं, आस्था का मामला है, सध्या सण आहे, तो उरकल्यावर या. संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानात तशा आणखी तीन बाया आल्या. चौघींचीही जुळी मुलगा-मुलगी. चौघींच्याही समईने मुलीलाच दोषी ठरवलं.

जिवंत मूल कायदेशीर वाटेशिवाय कुणाच्या हवाली करणं गुन्हा आहे. हे मला, आठवी शिकलेल्या बाईला, ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक असेल. मैदान तुम्ही दिलंत, म्हणून त्या मैदानावरून कोण काय घेऊन गेलं हे सांगणंही तुमच्याकडे लागतं. आम्ही पाच जणींनी अर्ज दिलाय, चार मुलींच्या नावांसकट, जन्मतारखांसकट. पोच घेतली आहे.

तोंडी निरोप नको. चपराशाकडून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" नको. कागदावर, तुमच्या सहीने सांगा: त्या चार मुली आज कुठे आहेत?